इद्रीसचा ठिपका

रत्नागिरीहून आलेल्या मेकॅनिकने वायर बदलताच स्क्रीनवरच्या आडव्या रेघा गेल्या. मग समुद्राच्या नकाशावरचा हिरवा ठिपका त्याने मऊ फडक्याने हलकेच दाबला, तशी हमिदाचाची ओरडली, "अरे, हात काढ! इद्रीस हाय तो माझा!" तिचा लेक मालवाहू जहाजावर होता आणि त्याचं जहाज नकाशावर कसं बघायचं ते सुनेने शिकवलं होतं. आठवडाभर ठिपका मुंबईजवळच थांबलेला, आता लेक घरी येणार म्हणून चाचीने सांदणांसाठी बरका फणससुद्धा उतरवून ठेवला होता. मेकॅनिकने माउसने नकाशा सरकवला. किनारा सरकला, ठिपका जागचा हलला नाही. "हा स्क्रीनमधला दोष आहे, चाची. जहाज हे इकडे, आफ्रिकेजवळ." ठिपका दाबून घालवायला त्याने पुन्हा फडकं उचललं. "र्‍हाऊ दे रे," म्हणत चाचीने माउस आपल्याकडे घेतला आणि नकाशा हळूहळू मागे ओढत आणला, घरासमोरची जयगडची खाडी नेमकी त्या ठिपक्याखाली येईपर्यंत.