जनरेटरची जागा

हेमंतनं बायकोच्या शिलाईच्या गाळ्याचं शटर वर उचललं तेव्हा आतला जनरेटर बंद पडलेला होता. त्यातलं पेट्रोल संपलं होतं. मीनल शिलाई मशीनवर डोकं टेकून बसली होती, मांडीवर कुणाचातरी लग्नातला ब्लाउज. त्यानं बायकोला हाक मारली, हलवलं, मग उचलून रस्त्यावर आणलं. रिक्षा त्याचीच, पण तो तिला धरून मागे बसला म्हणून शेजाऱ्यानं चालवली. दवाखान्यात डॉक्टरांनी नुसती मान हलवली.

संध्याकाळी, गाळा होता त्या अंबरनाथच्या चार मजली इमारतीखाली सगळे जमले. हवालदार खुर्ची टाकून चौकशी करत होते. असल्या गोष्टीतलं कळणारा माणूस इमारतीत एकच, पहिल्या मजल्यावरचे विष्णुपंत. त्यांनी उभी हयात ऑर्डनन्स फॅक्टरीत, सेफ्टी विभागात काढली होती. निवृत्त झाले आणि मग इमारतीच्या मागे लागले. जिन्यात सायकल दिसली की टाकून बोलायचे. कुणाच्या गॅसची नळी जुनी झाली ते स्वयंपाकघरात शिरून बघायचे. लोक पाठीमागे हसायचे, पण नळी मात्र बदलायचे. एकदा दुसऱ्या मजल्यावर त्यांच्या कटकटीमुळेच मोठी आग टळली होती.

म्हणून हवालदारांनी त्यांनाच विचारलं, हे झालं कसं.

विष्णुपंतांनी नीट समजावून सांगितलं. जनरेटरच्या धुरात एक विषारी वायू असतो. त्याला वास नाही, रंग नाही. माणसाला गुंगी येते आणि त्या गुंगीतच तो जातो. म्हणून जनरेटर उघड्यावर ठेवायचा, दारं-खिडक्यांपासून लांब. बंद जागेत कधीच नाही. हा पहिला नियम. बोलताना आपला आवाज कापला नाही, याचं त्यांचं त्यांनाच नवल वाटलं.

"मग यांनी आत का ठेवला?"

विष्णुपंत खुर्चीजवळून मागे सरले. त्यांच्या वतीनं लोकच बोलू लागले. तळमजल्यावरच्या पुतळाबाई म्हणाल्या, आजकाल कोण कुणाचं ऐकतं? काका तर मागच्या शुक्रवारी त्या जनरेटरवरून तिच्याशी भांडले होते, अख्ख्या इमारतीनं आवाज ऐकला. काकांचं ऐकलं असतं तर पोर आज जिवंत असती. आवाज सगळ्यांनी ऐकला होता हे खरं. शब्द काय होते ते कुणाला कळलं नव्हतं.

शुक्रवारी देखभालीसाठी वीज जाते, हे इकडे पोराटोरांनाही ठाऊक. मीनलचं मशीन विजेवर चालणारं, त्यात लग्नसराई. मागच्या शुक्रवारी तिनं भाड्यानं जनरेटर आणला आणि गाळ्याच्या पायरीवर ठेवला, बरोबर विष्णुपंतांच्या खिडकीखाली. विष्णुपंतांना दमा. धूर घरात शिरला तसे ते तरातरा खाली उतरले आणि उचल तो इथून, म्हणून ओरडले. नियमानं त्यांचंच खरं होतं. मीनल उलटून बोलली नाही. तिनं एवढंच विचारलं की काका, मग ठेवू कुठे? पुढे रस्ता आहे, मागे गटार.

या प्रश्नाला उत्तर होतं. समोर मोकळा प्लॉट होता. त्याच्या भिंतीशी जनरेटर ठेवून वायर वरून आणता आली असती. एरवी विष्णुपंतांनी स्वतः शिडी धरून ते करून दिलं असतं. पण माणूस रागात होता आणि खोकत होता. "तुझं मशीन आहे ना? मग तुझ्या गाळ्यात, आत ठेव," असं म्हणून ते जिना चढून गेले.

वर गेल्यावर त्यांना चुटपुट लागली. हे आपण काय बोललो? संध्याकाळी खाली जाऊन सांगू, असं त्यांनी ठरवलं. संध्याकाळी वीज आली, बातम्या लागल्या, राहून गेलं. पुढे आठवडाभर जनरेटर दिसलाच नाही, तेव्हा विषयही डोक्यातून गेला. आज पुन्हा शुक्रवार, वीज गेली आणि खिडकीतून धूर आला नाही. पोरीनं ऐकलं म्हणायचं, असं वाटून त्यांना बरं वाटलं होतं. मग जनरेटर ठेवला कुठे, असला प्रश्न उभ्या आयुष्यात पहिल्यांदा त्यांना पडला नाही.

ते शब्द फक्त मीनलनं ऐकले होते. ती आता बोलणार नव्हती. हा विचार मनात आला तशी विष्णुपंतांना स्वतःची किळस आली. तरी ते मूग गिळून बसून राहिले.

हवालदार हेमंतकडे वळले. बायको बेफिकीर होती, पण तुला अक्कल नव्हती का, असं त्यांनी दरडावून विचारलं. जनरेटर उचलून आत कुणी ठेवला?

"मीच ठेवला साहेब. लिहा माझं नाव."

आता बोलायला हवं, हे विष्णुपंतांना कळत होतं. त्यांनी तोंड उघडलंही. पण तेवढ्यात हेमंत त्यांच्याकडे वळला. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता. बायकोला बेफिकीर म्हटलेलं त्याला लागलं होतं, आणि निदान काकांना तरी खरं कळावं, एवढंच त्याला हवं होतं.

"काका, ती बेफिकीर नव्हती. आत ठेवायला मीच घाबरत होतो. मी बोललो, शटर तरी उघडं ठेव. ती बोलली, आवाज वर जातो, काकांना त्रास होतो. आणि घाबरतोस कशाला, आत ठेव असं काकांनीच सांगितलंय. ते सेफ्टीतले आहेत, धोका असता तर सांगितलं असतं का?"