चिडका पेशंट

कपाटाला टेकवलेल्या मोबाईलमधून कोर्सच्या मॅडम बघत होत्या आणि गोदाक्का पेशंट होऊन कॉटवर पडल्या होत्या. त्यांच्या सुनेची, शर्मिलाची, रुग्णसेवेच्या कोर्सची आज परीक्षा होती. लेखी काही नाही, खऱ्या माणसाला पट्टी बांधून दाखवायची. पास झाली तर गावातल्या दवाखान्यात नोकरी पक्की. म्हणून गोदाक्कांनी आज तोंड उघडायचंच नाही असं ठरवलं होतं.

पण सुनेचा गार हात लागला आणि जीभ सुटली. "अगं, माणसाला बांधतेस का म्हशीला? सैल कर की जरा! आणि आधी हात चोळून ऊन करावेत, एवढंही शिकवलं नाही होय तुझ्या मास्तरणीनं?"

"चुकलं, आत्याबाई. आता हळू बांधते. दुखलं की सांगा हं," शर्मिला हसून म्हणाली.

पट्टी झाली तशी मॅडम खाली बघून गुण लिहू लागल्या. आपल्या तोंडानं पोरीची नोकरी घालवली, असं वाटून गोदाक्कांनी पदर तोंडावर दाबला.

मॅडम तक्त्यातून गुण वाचू लागल्या. "स्वच्छता, पाचपैकी चार. पट्टी, चार. चिडक्या पेशंटला सांभाळणं, पाचपैकी पाच. पास! पण आजींनी नाटक काय झकास वठवलं हो!"

"नाटक कुठलं, मॅडम?" शर्मिलाच्या तोंडून निघून गेलं. "हा रोजचा सराव आहे."

सगळ्यांत आधी गोदाक्काच हसल्या, कॉट हलेपर्यंत.

"मग! फी न घेता शिकवलंय मी हिला!"