बंद घराचं पाणी

पुदिना सगळ्यात आधी गेला. मग टोमॅटोची पानं पिवळी पडली. आज सकाळी टेलरबाई कुंपणाकडच्या गुलाबाची माती भुसभुशीत करायला गेल्या, तर पाय घोट्यापर्यंत चिखलात रुतला. वास असा भपकन आला की त्या नाक दाबून मागे सरकल्या.

"सांडपाण्याचा पाईप फुटलाय, दुसरं काय," नवरा दारातूनच म्हणाला. "घरमालकांना सांग."

"मी सांगू? भाड्यानं घर तुम्ही घेतलंय."

"बाग तुझी आहे," असं म्हणून तो कामावर निघून गेला.

ते खरंच होतं. दोन खोल्यांचं हे घर टेलरबाईंनी पसंत केलं ते मागच्या त्या चिंचोळ्या तुकड्यासाठी. दिवसभर मशीन चालवून पाठ धरली की त्या तिथे जाऊन बसत.

घरमालक संध्याकाळी आले. पायरीवरूनच त्यांनी पाहणी केली, खाली काही उतरले नाहीत.

"वहिनी, तुम्ही पाणी जास्त घालता."

"नळाच्या पाण्याला असा वास येतो का, काका?"

"माझ्या घराची लाईन पुढून जाते. हा कुंपणाकडचा पाईप शेजारच्या नर्सबाईंचा. आणि नर्सबाईंचं घर बंद. बंद घर पाणी कुठून सोडणार?" घरमालकांनी रुमालानं तोंड पुसलं. "तुम्हीच काहीतरी तोडफोड केली असणार. तसं निघालं तर सरळ घर रिकामं करायचं. मला कटकट नको."

नर्सबाई मुलीच्या बाळंतपणाला गेल्या होत्या. पुढच्या दाराला हे एवढं कुलूप, खिडक्यांना पडदे. तरी पाणी यायचं, आणि यायचं ते भल्या पहाटे.

टेलरबाई काही हार मानणाऱ्या नव्हत्या. एकदा त्या उजाडायच्या आत उठल्या, आपल्या न्हाणीत आणि संडासात बादलीभर नीळ ओतली आणि कुंपणाशी जाऊन उभ्या राहिल्या. पाणी आलं. नेहमीसारखंच काळं, निळेपणाचा थेंब नाही. त्यांनी तिथूनच घरमालकांना फोन लावला आणि झोपेतून उठवून सांगितलं, "काका, माझं नाही हो, तिकडचंच आहे!"

मग नर्सबाईंना फोन केला.

"घर बंदच आहे हो," नर्सबाई म्हणाल्या. "एखादा नळ गळत असेल."

"कुणाला तरी आत पाठवून बघू का?"

"नको, नको. मी आल्यावर बघते. तोवर घ्या ना जरा चालवून." आणि बाळ रडतंय म्हणून त्यांनी फोन ठेवला.

संध्याकाळी सासूबाईंचा फोन आला. तो रोजच यायचा. सासूबाई गेल्या महिन्यात धाकट्याकडे राहायला गेल्या होत्या. भांडण वगैरे काही नाही. टेलरबाई जेवताना एवढंच म्हणाल्या होत्या, की दोन मुलगे आहेत तर दोघांनी सांभाळायला काय हरकत आहे? सासूबाईंनी ताट धुतलं आणि पिशवी भरायला घेतली. नवऱ्यानं त्यांना बसमध्ये बसवून दिलं. मशीन आतल्या खोलीत आलं, आणि खोली एकदम मोठी वाटायला लागली.

"धाकटे भावजी काय म्हणतात?"

"कामात असतो. तुझी बाग कशी आहे?"

टेलरबाईंनी गाऱ्हाणं सुरू केलं. सासूबाईंनी सगळं ऐकून घेतलं.

"फार येतं का गं पाणी?"

"नदी वाहतेय, आई."

"होईल कमी."

आणि नवल म्हणजे झालंही कमी. दुसऱ्या दिवशी माती नुसती ओलसर होती. टोमॅटोला एक कोवळं पान फुटलं. सासूबाईंच्या तोंडात साखर पडो, असं टेलरबाई मनाशी म्हणाल्या. पण आठवडा सरला नाही तोच पुन्हा तेच, आणि गुलाब मुळापासून काळा पडला.

"आता लाईनच बुजवते," त्यांनी सासूबाईंना फोनवर सांगून टाकलं. "घरमालक हो म्हणालेत."

पलीकडून सासूबाईंचा आवाज एकदम खाली आला.

"नर्सबाईंना विचारून कर गं."

"बंद घराला काय विचारायचं, आई?"

प्लंबर दुपारी आला. त्यानं खणून पाईप उघडा केला, आत वाकून पाहिलं आणि म्हणाला, "ताई, पाणी ताजं आहे. घरात कुणी नाही ना, नक्की?"

"कुलूप दिसत नाही का? आणि शिरला असेल कुणी चोरबीर, तर तुंबू दे त्याचं. येईल आपोआप बाहेर."

प्लंबर हसला, टेलरबाईही हसल्या. पाईपाच्या तोंडात चिंध्या कोंबून त्यानं वरून सिमेंट थापलं.

त्या संध्याकाळी सासूबाईंचा फोन आला नाही. टेलरबाईंच्या ते लक्षातही आलं नाही. एक मोठं काम हातात होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी माती कोरडी होती. वासही गेला होता. त्यांनी मेलेला गुलाब उपटून टाकला आणि तिथे नवं काय लावावं याचा विचार करत चहा ठेवला.

तेवढ्यात मागच्या दारावर थाप पडली. अगदी हलकी.

दारात सासूबाई उभ्या होत्या. चपला हातात, पाय घोट्याच्या वरपर्यंत घाणीनं भरलेले. त्यांच्या पावलांचे ठसे बागेतून, नर्सबाईंकडच्या कुंपणातल्या फटीपर्यंत गेले होते.

"तिकडचं सगळं तुंबलंय गं," त्या खालच्या आवाजात म्हणाल्या. "आंघोळ तेवढी करून जाऊ का इथे?"