पोपटाला वारा लागू देऊ नकोस

"खिडकीपाशी नको," दादा म्हणाला. "गारठा एकवेळ सोसेल तो, पण वाऱ्याचा झोत नाही सोसणार."

पिंजरा हातात धरून तो खोलीभर फिरला. दारासमोरची जागा त्याला पटली नाही, स्वयंपाकघराचा कोपराही नाही. शेवटी आतल्या भिंतीलगतच्या, कापड बेतायच्या टेबलावर त्याने पिंजरा ठेवला. टेबलावर धूळ होती. शेजारचं शिलाई मशीन झाकणाखाली होतं. नवरा गेल्यापासून त्याच्या बहिणीने ते उघडलं नव्हतं. पडदेही ओढलेलेच असायचे. गिऱ्हाइकं दार वाजवून वाजवून परत जायची.

"तू पोपट पाळलायस हे मला माहीतच नव्हतं," ती म्हणाली.

"वर्षातून एकदा तोंड दाखवतो मी तुला. कळणार कसं?" दादा मालट्रक चालवायचा आणि महिनोन् महिने रस्त्यावर असायचा. "तुझ्या वहिनीचा जीव की प्राण आहे हा. पण तिच्या आईचं दुखणं मोठं निघालं, ती माहेरी गेलीय. ट्रकच्या केबिनमध्ये हा हिवाळा काढणार नाही."

"माझ्याच्यानं माझंच होत नाही रे, दादा."

"तुझं नको करूस. त्याचं कर."

मग त्याने सूचनांचा सपाटा लावला. दिवसा पडदे उघडे ठेवायचे, त्याला ऊन मिळालं पाहिजे. संध्याकाळी पिंजरा तीन बाजूंनी झाकायचा. खोली थंड पडू द्यायची नाही. आणि जेवताना त्याच्यासमोर बसायचं, एकटा तो चोच लावत नाही.

तो गेल्यावर तिच्या लक्षात आलं, की त्याने तिला एकदाही "कशी आहेस" म्हणून विचारलं नाही.

फोन मात्र रोज यायचा.

"आज ऊन दाखवलंस?"

"दाखवलं."

"जेवला?"

"फळाचा तुकडा टाकलाय."

"तू समोर बसून खाल्लंस का?"

"उंटावरून शेळ्या हाकणं बरं जमतं रे तुला," ती म्हणायची आणि फोन ठेवायची. मग ताट घेऊन पिंजऱ्यासमोर बसायची. परक्याच्या जिवाची जोखीम होती, करणार काय? पोपट मान वाकडी करून बघत राहायचा आणि तिने दोन घास खाल्ले की आपल्या वाटीकडे सरकायचा.

हळूहळू तिला त्याचं कळू लागलं. पिसं फुलवून तो गोळा होऊन बसला, की थंडी वाजतेय. एका पायावर निवांत उभा राहिला, की सगळं ठीक. खिडकीच्या फटीत तिने चिंध्या कोंबल्या. दाराखाली कापडाची वळकटी करून लावली. पिंजऱ्याला ऊब देणारा बल्ब आणायला ती स्वतः बाजारात गेली आणि दुकानदाराने तिसऱ्यांदा चुकीचा दिला तेव्हा तिसऱ्यांदा परत केला.

मग एका संध्याकाळी वादळ आलं. डोंगरातल्या त्या गावात हिवाळ्यात व्हायचं तसं रस्त्यावर बर्फ साचलं, वीज गेली आणि खोली बघता बघता गार पडली. पोपट दांडीवर चेंडूसारखा फुगून बसला. त्याचे डोळे मिटायला लागले.

खालच्या मजल्यावरची मावशी पेटती शेगडी घेऊन वर आली. "घे गं, घटकाभरात ऊब होईल."

"नको, मावशी. कोळशाच्या धुराने आपण खोकतो, पोपट मरतो. त्यापेक्षा पाणी उकळून द्या मला, जेवढं होईल तेवढं."

मावशी तिच्याकडे बघतच राहिली. या पोरीचा एवढा ठाम आवाज तिने कित्येक दिवसांत ऐकला नव्हता.

गरम पाण्याच्या बाटल्या टॉवेलात गुंडाळून तिने पिंजऱ्याला बाहेरून बांधल्या. वर चादर टाकली. चादर पातळ पडली. घरात जाड म्हणावं असं एकच कापड होतं. तिने कपाट उघडलं आणि नवऱ्याचा लोकरीचा कोट काढला. क्षणभर तो तसाच छातीशी धरला. मग टेबलावर पसरला आणि कात्री चालवली.

मशीन पायाचं होतं, त्याला विजेची गरज नव्हती. मावशीने बॅटरी धरली. पहिला टाका ओढला गेला, दुसऱ्याला हात बसला. वरपासून खालपर्यंत पिंजऱ्याच्या मापाचं, अस्तर लावलेलं, समोरून उघडणारं आवरण तयार झालं.

"हा कोट..." मावशी म्हणाली.

"त्यांनीच काढून दिला असता," ती म्हणाली.

सकाळी तिने आवरणाचा पडदा वर केला तेव्हा पोपट एका पायावर उभा होता.

मावशीने ते आवरण चारचौघांत वाखाणलं. कुणी स्वेटरची बाही घेऊन आलं, कुणी पडद्यांचं कापड. ती दार उघडू लागली. एकदा तर घाईत असलेल्या गिऱ्हाइकाला तिने, "परवा या, आज हात रिकामा नाही," असं सुनावलंसुद्धा. तसं म्हणताना तिला फार बरं वाटलं.

उन्हं तापू लागली तसा दादा आला. त्याला बघताच पोपट ओरडत दांडीच्या टोकाला पळाला.

"विसरला तुला," ती म्हणाली. "विसरणारच. असा जीव कुणी ट्रकमधून फिरवतं? पुढच्या हिवाळ्यातही इथेच आणून सोडायचा. विचारायचं नाही, आणायचा."

"बरं," दादा म्हणाला. तो उघड्या पडद्यांकडे बघत होता.

जिन्यावर पावलं वाजली. धापा टाकत वहिनी आत आली.

"आई कशा आहेत आता?"

"हिंडती-फिरती झाली. आजच परतले मी."

"मग बसा नंतर. आधी तुमच्या लाडक्याला भेटा. जपून ठेवलाय."

वहिनी वाकली. पिंजऱ्यात डोकावली. कौतुकाने हसली.

"किती गोड आहे गं बाई," ती म्हणाली. "पण वन्सं, तुम्ही पोपट कधी पाळलात?"