झाडलेली वाळू

"संध्याकाळी दारापुढची वाळू झाडून ठेव, म्हणजे रात्री कोण येऊन गेलं ते सकाळी कळतं," असं म्हाताऱ्या घरमालकीण धापूबाईंनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं.

नवऱ्याच्या पवनचक्क्यांवरच्या नोकरीपायी रेवती साताऱ्याहून या वाळवंटात आली होती. रोज सकाळी वाळूवर विषारी फुरशाच्या तिरप्या रेघा दिसायच्या आणि ती उंबऱ्यातूनच मागे फिरायची. म्हातारी हसायची. "त्यांचंच घर आहे हे. भीती वाटत असेल तर जा की माहेरी!"

शेवटी रेवतीने बॅग भरलीच.

जीप पहाटेची, म्हणून तिने फटफटायच्या वेळेलाच दार उघडलं. घराभोवती अनवाणी पावलांचं रिंगण उमटलं होतं, शेजारी काठी आपटल्याच्या खुणा. फुरशाची रेघ उंबऱ्याकडे येता येता त्या रिंगणापाशी वळून निघून गेली होती. आणि काठी बगलेत धरून धापूबाई वाकून स्वतःची पावलं तेवढी झाडत होत्या.

"झोप लागत नाही मला," म्हातारी गुरकावली.

रेवतीने बॅग खाली ठेवली आणि तिच्या हातातला झाडू काढून घेतला.

"पावलं राहू द्या, माँजी. कोण येऊन गेलं ते मला कळू दे."