डावी टाच

"खोटं बोलतोस तू, चिंतू! पुण्याला पलटणीच्या भरतीला उभा होतास. कोंडाजीभाऊंनी पाहिलंय. म्हणाले, 'तुमचा चिंतामणी रांगेत लय ताठ उभा व्हता.' तू लढाईवर गेलास तर माझ्याशी खेळणार कोण?"

"कोंडाजीभाऊंना स्वतःची म्हैस ओळखू येत नाही, ते मला काय ओळखणार!" चिंतामणी बहिणीच्या डोळ्यांत बघून हसला. "शाळेत मास्तरांचं ऐकलं नाही, पलटणीत सायबाचं ऐकीन होय? घे रॅकेट, ताई."

चंद्रिकेचा राग तिथंच अर्धा उतरला. हा पोरगा असाच. वर्ग बुडवून दिवसभर दऱ्या हिंडायचा, आणि संध्याकाळी अप्पांच्या डोळ्याला डोळा भिडवून भूगोलाचा धडा घडाघडा सांगायचा. तोही चुकीचा. शेवटी शाळाच सुटली.

खंडाळ्यातल्या एका पारशाच्या बंगल्यामागं बॅडमिंटनचं मैदान आखलेलं होतं. मालक उन्हाळ्यापुरते यायचे. बाकी वर्षभर तिथं ही दोघंच. उभ्या लोणावळ्या-खंडाळ्यात रॅकेट धरणारी दुसरी बाई नव्हती. चिंतू गायब असला की चंद्रिका एकटीच पदर खोचून बंगल्याच्या भिंतीवर फूल मारत राहायची, पिसं झडेपर्यंत. भिंत कधी बोलायची नाही. दमायचीही नाही.

तेवढ्यावर ती मुंबईच्या फायनलपर्यंत पोचली होती. दोनदा. दोन्ही वेळा एकाच पोरीनं हरवलं. हात चंद्रिकेचा जड, दम चंद्रिकेचा जास्त, आणि कप मात्र त्या पोरीचा. लोक म्हणाले, नशीब. पुढच्या महिन्यातल्या स्पर्धेत तीच पुन्हा समोर येणार होती.

आज चिंतूनं तिला नुसतं नाचवलं. हात असा उगारायचा की आता मैदानाच्या टोकाला मारतोय. ती मागं धावायची, आणि फूल जाळीला घासून अलगद पुढं पडायचं. पुन्हा तेच. पुन्हा तेच. शेवटी तिनं रॅकेट गवतावर आपटली.

"लबाडी आहे ही सगळी!"

"मग? सत्यनारायण घातलाय का आपण?" तोही भडकला. "भिंतीशी खेळून खेळून तू भिंत झालीस, ताई. भिंत फसवत नाही, माणूस फसवतो. ती मुंबईची काही तुझ्याहून चांगली मारत नाही. ती तुला बघते, आणि तू फुलाकडं बघत बसतेस."

"मग कुठं बघू? डोळ्यांत?"

"डोळे तर सगळ्यात खोटारडे. हातही तसलाच. पाय बघ. पायाला खोटं जमत नाही."

तो पलीकडं गेला. हात उगारला. तिनं पहिल्यांदाच खाली पाहिलं. त्याची डावी टाच गवतावरून किंचित उचलली गेली. फूल पडायच्या आत ती जाळीपाशी पोचली होती!

पुढच्या वेळी टाच टेकलेली. ती मागं गेली. खरा फटका होता. टाच उचलली की लबाडी, टेकली की खरं. चिंतू घामाघूम झाला आणि ती हसत सुटली. त्या मुंबईच्या पोरीचंही कुठंतरी काहीतरी हलत असणार. खांदा, गुडघा, काहीतरी. आता ते सापडणार होतं.

"बास. जिंकलीस," चिंतू म्हणाला. आपली रॅकेट त्यानं सदऱ्यानं पुसली आणि तिच्या हातात दिली. "ही ठेव तुझ्याकडं."

कधी कुणाला हात लावू द्यायचा नाही त्या रॅकेटला.

घाटात गाडीची शिट्टी झाली. चिंतूनं सदरा अंगात चढवला.

"पुण्याला जरा काम आहे. रविवारी येतो परत, मग खेळू." तो तिच्या डोळ्यांत बघून हसला.

चंद्रिकेनं खाली पाहिलं. डावी टाच उचललेली होती.

ती बघतेय हे त्याला दिसलं. त्याचं हसू गेलं. टाच हळूच गवतावर टेकली.

"ताई, मला आता निघायला पाहिजे."