पडद्याकडे पाठ

"नुसत्या माना हलवू नका रे. तोंडं घरी ठेवून आलात का?"

सर खिडकीबाहेर तोंड करून उभे होते. कोपऱ्यात बसलेल्या तपासनीस बाईंनी अहवालात पहिली उणीव टिपली: शिक्षक मुलांच्या पडद्यांकडे ढुंकूनही पाहत नाहीत.

हा तास चालू ठेवायचा की संगणक उचलून कार्यालयात न्यायचे, हे त्या अहवालावर ठरणार होतं. सरांनाही ते ठाऊक होतं. तरी बाईंनी पुढे केलेलं ओळखपत्र त्यांनी हातातसुद्धा घेतलं नव्हतं. "या, बसा बाई," एवढंच म्हणाले होते. बाईंना ते चांगलंच झोंबलं होतं.

पाच पडद्यांवर निळी पृथ्वी होती आणि तिच्याभोवती फिरणारे ठिपके, म्हणजे उपग्रह. मुलं आकडे घालून त्यांना वेग देत. कमी पडला तर ठिपका जमिनीवर आदळे, जास्त झाला तर कायमचा पसार होई. भरीस भर म्हणून प्रत्येक संगणक गुणगुणत होता, कधी वरच्या पट्टीत, कधी खालच्या. बाईंचं डोकं उठलं.

"हा आवाज बंद नाही का करता येत?"

मुलं एकमेकांकडे पाहू लागली.

"येतो की," सर म्हणाले. "पण असू द्या. सवय झालीय आम्हाला."

"सर, उपग्रह खाली का पडत नाही?" वर्गात जिला सगळे शंकासूर म्हणत, त्या मुलीनं विचारलं.

"पडतोच आहे. सारखा पडतोय. पण पुढेही इतका पळतोय, की तो खाली येईपर्यंत जमीनच वळून गेलेली असते."

"मग पुढच्या उपग्रहाला गाठायचं तर आणखी जोर लावायचा?"

"छे! ब्रेक मार."

वर्ग खो खो हसला. सर चुकले, असं बाईंनाही वाटलं.

"अगं, मारून तर बघ."

शंकासूरनं वेग कमी केला. ठिपका खाली घसरला, आतल्या लहान वाटेला लागला आणि भराभर पळत पुढच्याला मागे टाकून गेला. बाईंची मान नकळत लांब झाली.

"तिसरं टेबल, तुझा आदळणार हं," सर न वळताच म्हणाले. आणि आदळलाच!

बाई आता डोळ्यांत तेल घालून पाहू लागल्या. खिडकी सताड उघडी होती, म्हणजे काचेत काही दिसत नव्हतं. मुलंही खाणाखुणा करत नव्हती. मग हे सगळं पढवून ठेवलेलं नाटक असणार. त्यांनी ठसक्यात लिहून टाकलं, 'वर्ग बंद करावा.' पण चैन पडेना. या माणसाला कळतं तरी कसं?

शेवटी त्या उठल्या, पाचव्या टेबलाशी रिकाम्या खुर्चीवर जाऊन बसल्या आणि मनाला येईल तो आकडा घातला.

"बाई, जरा जास्त झाला," खिडकीपासून आवाज आला. "तो काही परत यायचा नाही."

ठिपका पडद्याच्या कडेबाहेर गेला. बाईंनी दुसरा आकडा घातला, मग तिसरा. चौथ्या खेपेला ठिपका फिरतच राहिला.

"आता जमलं!" सर म्हणाले.

बाईंना इतका आनंद झाला, की त्यांचं त्यांनाच हसू आलं.

घंटा झाली. मुलं खुर्च्या जागच्या जागी नीट सरकवून गेली. बाईंनी 'बंद करावा' खोडून 'चालू ठेवावा' केलं. पहिली उणीव मात्र तशीच ठेवली. नियम म्हणजे नियम.

"तास चालू राहील, सर. फक्त एक उणीव लिहिलीय. वाचा आणि सही करा."

त्यांनी कागद पुढे केला. सरांनी याही वेळी तो घेतला नाही.

"तुम्हीच वाचून दाखवा बाई, आणि सहीच्या जागी माझं बोट टेकवा," सर म्हणाले. "कागद काही गुणगुणत नाहीत."